बर्फाच्या कारखान्याची ऊब

मस्कतहून परत आल्यावर आमच्या ह्यांनी घरात पहिलं काम काय केलं असेल, तर फ्रिजच्या मागे हात घातला. मला वाटलं, काही पडलंय. तर म्हणाले, "बघ, इथे किती ऊब आहे. सगळी फुकट चाललीय." दुसऱ्या दिवशी माझं इडलीचं पीठ फ्रिजच्या मागे गेलं. ते झकास फुगलं, उतू गेलं, आणि मी दोन दिवस फ्रिजची जाळी दात घासायच्या ब्रशने साफ करत बसले. हे मात्र खूश होते.

त्यात ह्यांचा तरी काय दोष? अठरा वर्षं मस्कतला मोठमोठ्या इमारतींची एसीची यंत्रं सांभाळण्यात गेली होती. यंत्र आतली उष्णता उचलतं आणि बाहेर फेकतं, आणि तिथे ती घ्यायला कोणी नसतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. कुकरची शिट्टी झाली की चेहरा पडायचा. इस्त्री बंद केल्यावर ती गार होईपर्यंत तिच्याखाली रुमाल सरकवत राहायचे. शेजारणी म्हणायच्या, तुझा नवरा आला, आता मजा आहे. मी म्हणायचे, हो, आमच्याकडे आता काहीच वाया जात नाही, फक्त माझा वेळ जातो.

हे आले ते नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात. कायमचा आलोय, असं त्यांनी गावभर सांगितलं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं. कंपनीच्या साहेबाने राजीनामा घेतलाच नव्हता. "एक पावसाळा घरी काढ आणि मग मला कळव," असं तो म्हणाला होता. घरी बसलेली माणसं चार-सहा महिन्यांत परत येतात, हे त्याने पुष्कळ पाहिलं असणार. मीही पाहिलं होतं. आमच्या आळीत आखातातून परत आलेली तीन माणसं वर्षाच्या आत पुन्हा विमानात बसली होती. इथे त्यांना करायला काही उरलं नव्हतं, एवढंच कारण. म्हणून मी ह्यांना कितीही चिडवलं, तरी मनात एक हिशेब कायम चालू असायचा. फ्रिज, मिक्सर, पंखे, सगळं दुरुस्त करून झालं, मग पुढे काय?

पुढे कॅरम आला. तो मी आणला.

रत्नागिरीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमच्या मंडळाचा हॉल आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे, आत एका बाजूला व्यायामाचं सामान आणि दुसऱ्या बाजूला कॅरमचे चार बोर्ड. संध्याकाळी पुरुष खेळायचे. मंगळवार आणि शुक्रवारची दुपार बायकांची. ही दुपार आम्ही भांडून मिळवली होती, आणि हे मस्कतला असताना माझं आयुष्य त्या दोन दुपारींवर उभं होतं, असं म्हटलं तरी चालेल. मी बरी खेळायचे. सगळ्यांत चांगली खेळायची ती खाला, सगळ्या आळीची मावशी. हॉलच्या मागच्या बोळात तिची पावाची बेकरी. साठी उलटलेली बाई, पण राणी घ्यायला बसली की तिच्यासमोर भलेभले गप्प व्हायचे.

अडचण एकच होती, पावसाळा. जांभा दगड पाणी पितो, हॉल आतून ओला होतो आणि कॅरमचा प्लाय फुगतो. पावडर टाकली की तिचं पिठलं होतं. स्ट्रायकर मारावा तर तो अर्ध्या वाटेत विचार करत थांबतो. पुरुषांनी यावर उपाय काढला होता. बोर्ड एका लाकडी कपाटात उभे करून खाली मोठमोठे बल्ब दिवसभर पेटते ठेवायचे, की संध्याकाळपर्यंत बोर्ड खेळण्याजोगे होत. दुपारी बोर्ड कोरडे हवे असतील, तर बल्ब आदल्या रात्रीपासून लावावे लागले असते. मंडळाच्या सेक्रेटरींनी आम्हांला समजावून सांगितलं की विजेचं बिल झेपत नाही, सबब जून ते सप्टेंबर बायकांची दुपार बंद. सेक्रेटरी हायस्कुलातून निवृत्त झालेले शिक्षक होते. 'सबब' हा त्यांचा लाडका शब्द, आणि तो आला की पुढे काहीतरी बंद व्हायचं.

हे सगळं मी एका संध्याकाळी ह्यांना सांगितलं. खरं तर तक्रार म्हणून सांगितलं. हे जेवताना थांबले. बल्ब किती, कपाट केवढं, हॉलची उंची किती, असे प्रश्न सुरू झाले. मग म्हणाले, "हॉलच्या शेजारी बर्फाचा कारखाना आहे ना?"

आहेच. मासळीसाठी बर्फ करणारा, दिवसरात्र घरघरणारा. ह्यांनी मला वाटीत वाटी ठेवून समजावलं, की पाण्याचा बर्फ करायचा म्हणजे त्यातली उष्णता काढायची. ती काढून कुठेतरी टाकावी लागते. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरमधून निघणारा पाइप एवढा तापतो की हात लावता येत नाही, आणि ती सगळी उष्णता हे लोक वरून पाणी ओतून आकाशात सोडतात. "आणि पलीकडे भिंतीला लागून तुम्ही बल्ब जाळताय," असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. घरातलं कोणी आजारी आहे हे सांगताना कापतो तसा.

मग आमच्या घरात दिवाळी सुरू झाली. हे सकाळी लवकर उठायला लागले. कागदावर आकृत्या यायला लागल्या. तापलेल्या पाइपाभोवती दुसरा एक पाइप बसवायचा, त्यात पाणी फिरवायचं, ते गरम पाणी भिंतीतून हॉलमध्ये आणून ट्रकच्या जुन्या रेडिएटरमध्ये सोडायचं आणि मागे पंखा लावायचा. म्हणजे कोरडी गरम हवा. रेडिएटर जवळच्या पाली गावातल्या भंगारवाल्याकडे मिळाला. तो एसटीच्या टपावर टाकून आणला आणि आमच्या पडवीत धुतला. त्यातून मेलेली चिमणी निघाली, तीही हे मला दाखवायला घेऊन आले. मी ओरडले, पण आतून बरं वाटत होतं. मस्कतचं नाव निघेनासं झालं होतं.

बर्फाच्या कारखान्याचा मालक भला माणूस. त्याने ह्यांचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि खुशाल करा म्हणाला. फुकटात पाइप गार होत असेल तर त्याला हवंच होतं. सेक्रेटरींनी सभा बोलावली. तिथे ह्यांनी फळ्यावर आकृती काढली, आणि बायका मागच्या बाकांवर बसून ऐकत होत्या. कोणाला किती कळलं देव जाणे, पण 'थर्मल' हा शब्द आला की माना हलायच्या. मी तर आकृतीकडे पाहतच नव्हते. ह्यांच्याकडे पाहत होते. इतका रंगलेला नवरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

काम मेच्या मध्यात पुरं झालं. उद्घाटन ठरलं. सेक्रेटरींनी रेडिएटरला हार घातला, त्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि दाराशी नारळ फोडला. ह्यांनी नळ सोडला, पंखा लावला. मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली, चाळीस माणसांच्या गर्दीत गरम हवा यायला लागली. पाच मिनिटांत सेक्रेटरींचा सदरा अंगाला चिकटला. तरी त्यांनी भाषण पूर्ण केलं. बायका पदराने वारा घेत टाळ्या वाजवत होत्या. खाला माझ्या कानाशी म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने झकास केलान गो. माझी भट्टी याच्यापेक्षा गार हाय." आम्ही सगळेजण घामाने न्हाऊन बाहेर पडलो आणि प्रयोग यशस्वी झाला, यावर आळीत एकमत झालं.

आता पुढचं सांगताना मला अजून हसू येतं, आणि हसताना थोडं वाईटही वाटतं.

जून उजाडला, पावसाने जम बसवला. पहिल्याच मंगळवारी आम्ही आठ-दहा जणी छत्र्या घेऊन हॉलवर पोहोचलो. ह्यांनी नळ सोडला. रेडिएटरमध्ये पाणी आलं. मी हात लावला. विहिरीच्या पाण्यासारखं गार होतं. ह्यांनी नळ बंद करून पुन्हा सोडला. मग कान देऊन ऐकलं. शेजारून घरघर येत नव्हती.

हे रेनकोट घालून कारखान्याकडे गेले, मी मागून. मालक पडवीत आरामात बसून शेंगा फोडत होता. यंत्र बंद का, असं ह्यांनी विचारलं. मालकाने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात, दुखावू नये अशा बेताने म्हणाला, "सायब, होड्या वर काढल्या ना. नारळी पुनवेपर्यंत बर्फ कोणाला घालू?"

दर वर्षी जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढतात, त्यांवर माडाची झापं टाकतात, मासेमारी थांबते आणि बर्फाचे कारखाने गप्प होतात. रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. बाजारात ताजी मासळी नाही, घरोघर सुकं भाजल्याचा वास, हे काय सांगायला लागतं? मग कोणी बोललं कसं नाही? मी नंतर एकेकीला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. एवढा मस्कतहून आलेला माणूस, त्याने काहीतरी सोय केलीच असणार, आपण मध्ये तोंड घालून अक्कल कशाला दाखवायची? सेक्रेटरींना वाटलं, उष्णता साठवून ठेवतात, तशी काहीतरी टाकी असेल. मालकाला तर वाटलं होतं, कॅरमचं नुसतं निमित्त, उन्हात वर्षं काढलेल्या माणसाला इकडची थंडी बाधत असेल, म्हणून हॉल तापवतोय. मान राखून सगळे गप्प बसले होते. आणि मला का सुचलं नाही ते मी वर सांगितलंच आहे. मी कारखान्याकडे बघतच नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते.

हे तसेच परत फिरले. घरी येऊन रेनकोट न काढता खुर्चीवर बसले. खाली पाण्याचं तळं झालं. मी म्हटलं, जाऊ दे, आम्हांला कुणालाच नाही सुचलं. तेव्हा म्हणाले, "मला आठवलंच नाही गं. पाऊस आठवला. पावसात काय बंद होतं ते नाही आठवलं."

ह्यांची सुट्टी नेहमी थंडीत असायची. तिकडे थंडीत एसीला काम कमी, तेव्हाच कंपनी सोडायची. त्यामुळे अठरा वर्षांत ह्यांनी इथला एकही पावसाळा पाहिला नव्हता. गणपती पाहिला नव्हता. आंबा पाहिला होता तो पेटीतून तिकडे आलेला. डिसेंबरातली कोरडी, शहाणी रत्नागिरी तेवढी त्यांच्या ओळखीची. त्या दिवशी हे मला एकदम कळलं. माझ्याच घरात माझा नवरा पाहुणा म्हणून बसला आहे, असं वाटलं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस वाईट गेले. हे कशाच्या मागे हात घालेनात. कुकरच्या शिट्ट्या मोकळ्या वाजायच्या. एकदा मस्कतच्या साहेबाचं नाव घेऊन म्हणाले, तो म्हणत होता ते खोटं नाही. मी भांडी घासायला उठले, कारण पुढचं ऐकायची हिंमत नव्हती.

आमची दुपार पुन्हा बंद झाली होती. खालाने एक जुना बोर्ड हट्टाने बेकरीत नेला होता. एके सकाळी मी पाव आणायला गेले, तर तो बोर्ड भट्टीच्या माथ्यावर उभा होता, आणि खाला त्यावरून हात फिरवत होती. बोर्ड आरशासारखा गुळगुळीत. आम्ही तिथेच पावाच्या ट्रेवर तो ठेवून एक डाव खेळलो. मी हरले. घरी येऊन चहाबरोबर ही हकीकत ह्यांना सांगितली, नेहमीसारखी, हरल्याची तक्रार म्हणून. ह्यांनी पाव चहात बुडवला होता. तो विरघळून कपात पडला तरी ह्यांचा हात तसाच वर.

"भट्टी पावसात चालू असते?" ह्यांनी विचारलं. या वेळी माणसाने नीट चौकशी केली. सकाळची भट्टी किती वाजता, दुपारची किती वाजता, ईदला काय, गणपतीत काय, लाकडं ओली असली तर काय, वर्षातून किती दिवस बंद. मी म्हटलं, मला काय विचारता, खालाला विचारा. छत्री न घेताच निघाले, मी छत्री घेऊन मागून.

खालाने त्यांना पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि सगळी उत्तरं दिली. पावसात मासळी नसते, माणसं पावावर असतात, भट्टी दुप्पट चालते. दुपारची भट्टी बाराला पेटते, म्हणजे आमच्या खेळाच्या वेळी धुराडं पुरतं तापलेलं. हे ऐकून ह्यांचा चेहरा असा उजळला की खालाला राहवलं नाही. "आदी बर्फातून ऊब काढायला गेलात," ती म्हणाली. "आगीतून काढावी, असं कसं नाय सुचलं?" हे हसले. कित्येक दिवसांनी हसले, आणि मी दाराशी मिटलेली छत्री घट्ट धरून उभी राहिले.

या वेळचं काम मला वाटीत वाटी न ठेवताही कळलं. बेकरीच्या धुराड्याभोवती पत्र्याचा मोठा नळा बसवायचा. मधल्या फटीतून बाहेरची स्वच्छ हवा वर खेचायची, ती तापते. धुराशी तिचा संबंध नाही. बोळ ओलांडून ती हॉलमध्ये सोडायची. रेडिएटर बाद, पंखा तोच. खालाचे दोघे मुलगे आणि हे भर पावसात पत्र्यावर चढायचे, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. मी खालून आरडाओरडा करायचे, की या वयात पडलात तर मी काही उचलायला येणार नाही. वरून उत्तर यायचं, चहा पाठव.

सेक्रेटरींना आगीची आणि धुराची भीती होती. चाचणीच्या दिवशी ह्यांनी हवेच्या तोंडावर आपला पांढरा रुमाल धरला आणि बऱ्याच वेळाने तो सेक्रेटरींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, हुंगला, आणि गंभीरपणे म्हणाले की काजळी नाही, मात्र नानकटाईचा वास आहे. सबब परवानगी देण्यात येत आहे. हा शब्द वापरून त्यांनी काहीतरी चालू केल्याचं मी प्रथमच ऐकलं.

जुलैच्या एका शुक्रवारी आम्ही पावसाळ्यात पहिल्यांदा दुपारचं खेळलो. बाहेर धो धो, आत कोरडं. सोंगट्या अशा धावायला लागल्या की पहिले दोन डाव आम्हांला सवयच होईना. पुरुषांचंही फावलं. कपाटातले बल्ब काढून टाकले, आता वीज लागायची ती एका पंख्याची. त्रास एकच, भट्टीतून पाव निघायच्या वेळी सगळ्यांना सडकून भूक लागायची आणि नेम चुकायचे. खाला तेवढ्यात डाव उरकून घ्यायची. तिला सवय होती.

पण आमच्या आळीला फुकटची ऊब मिळाली आणि ती फक्त कॅरमवर थांबली, असं कसं होईल? आठवडाभरात कोणीतरी हवेच्या तोंडाशी ढोलकी ठेवून गेलं, भजनाला चामडं ताणलेलं हवं म्हणून. मग रेनकोट आले. मग शाळेचे गणवेश, बाळंतिणीच्या घरची दुपटी, एकीचे तर पोह्याचे पापड. सेक्रेटरींनी पाटी लावली, 'येथे कपडे वाळत घालू नयेत'. दुसऱ्या दिवशी पाटीच्याच खिळ्याला त्यांचं स्वतःचं धोतर होतं. हे कोणाला काही म्हणाले नाहीत. उलट घरून सुतळी आणून त्यांनी कोपऱ्यात रीतसर दोऱ्या बांधल्या आणि हवेचं तोंड थोडं तिकडे वळवलं. आळीतल्या बायका त्यांना रस्त्यात थांबवून विचारायच्या, आज ऊब किती वाजता? हे घड्याळ बघून सांगायचे.

गणपती झाले. पाऊस ओसरला. साहेबाचा फोन यायचा तेव्हा आला. मी स्वयंपाकघरात होते, हे बाहेरच्या खोलीत. हे साहेबाशी हिंदीत बोलायचे. आधी बराच वेळ नुसतं 'जी, जी' ऐकू येत होतं. मी गॅस बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

"नहीं साब, नहीं जमेगा," हे म्हणाले. "चिमनी हर हफ़्ते साफ़ करनी पड़ती है. यहाँ और किसी को आता नहीं."

हे साफ खोटं होतं. खालाच्या दोन्ही मुलांना त्यांनी ते काम कधीच शिकवलं होतं. तिकडून साहेब पुष्कळ बोलला असावा. पगाराचंही बोलला असणार, कारण हे मध्येच म्हणाले, "पैसे की बात नहीं साब." मग आवाज हळू झाला. "अठारह साल बाद अपने घर की बारिश देखी. अगली भी देखनी है."

फोन ठेवून हे आत आले. साहेबाला नाही म्हणून सांगितलं, एवढंच बोलले आणि चहा मागितला. मला त्यांना खूप चिडवायचं होतं. धुराडं झाडायला मस्कतची नोकरी सोडणारा माणूस अख्ख्या कोकणात दुसरा सापडला नसता, आणि वाक्य जिभेवर तयार होतं. पण मी पाठ फिरवून चहाचं आधण ठेवलं. मला रडू येत होतं, आणि अठरा वर्षांत ह्यांना निरोप देताना मी एकदाही रडले नव्हते.